पॉइंट झाले, गाव राहिलं!

पहिला पाऊस पडला की आपल्या हॉस्टेलात दोन गोष्टी हमखास होतात. कपडे वाळेनासे होतात आणि भंडारदऱ्याची ट्रिप ठरते. सबमिशन राहिलं तरी चालेल, पण ट्रिप पाहिजेच! त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आपण ती कशी उरकतो याला.

पहाटे निघायचं. रंधा धबधबा, धरणाची भिंत, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, घाटघरचा कोकणकडा, लांबून कळसूबाईला नमस्कार (१६४६ मीटर, चढायला वेळ कुणाला?) आणि मेस बंद व्हायच्या आत परत. मोबाईलमध्ये तीनशे फोटो, त्यात गावातला माणूस एकच, भजी तळणारा.

मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. पॉइंट निम्मे करा आणि एका वाडीत दोन तास थांबा.

आपण इंजिनिअर होणार ना? मग हे कोडं बघा. अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला पाऊस नुसता कोसळतो. तरी उन्हाळ्यात इथल्या कित्येक वाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. कारण उतार उभा, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, पळतं. ते अडवायला भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. पण ते पाणी प्रवरेतून खाली कालव्यांना जातं, तिथल्या उसाला. वरच्या वाडीला ते रोज दिसतं, घरी काही येत नाही.

आणि तिथंच घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, २००८ सालचा. विजेची मागणी कमी असताना खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. उंचीतला फरक सुमारे चारशे मीटर! एवढं पाणी चढवता येतं, तर एखाद्या वाडीपर्यंत का नाही? खर्च कुणाचा, पंपाचं बिल कोण भरणार, बिघडला तर दुरुस्त कोण करणार? व्हायवाला हे कुणी विचारत नाही. वाडीतली म्हातारी मात्र बसल्या बसल्या सांगेल, आपण ‘आजी, पाणी कुठून आणता?’ एवढं विचारलं तर.

काही जण म्हणतील, आम्ही काय सर्व्हेला जातोय का? नाही बाबा, मजा करायलाच जायचंय. पण एखाद्या घरी आधी सांगून ठेवलं तर नागलीची भाकरी गरम मिळते, आणि पैसे त्या घरात जातात. तिथं घासाघीस करू नका, कॅन्टीनवाल्याशी करतो तेवढी पुरे. आणि खाचरात आवणी चालू असेल तर वाकलेल्या बायांचे न विचारता फोटो काढू नका. ते त्यांचं काम आहे, आपला पॉइंट नाही.

याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेत कधी गेल्या नाहीत, पण गावठी बियाणं जपून त्यांनी घरात बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या बसच्या यादीत हे गाव मी तरी कधी वाचलेलं नाही.

यंदाची यादी नोटीस बोर्डावर लागली की माझं नाव जरूर लिहा. फक्त ट्रिप सेक्रेटरींनी रंध्यापुढचे दोन पॉइंट खोडून तिथं कोंभाळणं लिहावं, आणि जेवणाचा निरोप दोन दिवस आधी धाडावा. पन्नास जणांच्या भाकऱ्या थापायला वेळ लागतो.