मताआधी नोंद

डॉक्टरांचे मत हल्ली सगळीकडे ऐकू येते. निवडणूक असो, सीमेवरचा तणाव असो, एखादा मोठा प्रकल्प असो की सणासुदीचा आवाज, दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत एक डॉक्टर हमखास असतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एखाद्या डॉक्टरने पुढे ढकललेला मजकूर कोणी पडताळून पाहत नाही. डॉक्टरांनी पाठवले म्हणजे खरेच असणार, असे गृहीत धरले जाते. याच डॉक्टरने उद्या रुग्णालयातल्या औषधटंचाईविषयी किंवा महामार्गावर रोज होणाऱ्या अपघातांविषयी तोंड उघडले, तर मात्र त्याला ऐकवले जाते, ‘तुम्ही पेशंट बघा, राजकारणात कशाला पडता?’

म्हणजे ज्या विषयाशी डॉक्टरचा काही संबंध नाही, तिथे त्याच्या शब्दाला मान आणि जो विषय रोज त्याच्या टेबलासमोर येऊन बसतो, तिथे त्याने गप्प राहायचे. हे उलटे आहे. डॉक्टरने सार्वजनिक प्रश्नांवर बोलावे की बोलू नये, हा वाद त्यामुळे व्यर्थ ठरतो. तो कशाच्या बळावर बोलतो आहे, हे पाहायला हवे. रायगड जिल्ह्यातल्या दोन माणसांच्या कामातून याचे उत्तर मिळते. त्यांपैकी एक डॉक्टर नव्हताच.

अलिबागहून रेवसच्या रस्त्याने निघाले की दहा-बारा किलोमीटरवर किहीम लागते. आज हे गाव मुंबईकरांचे बंगले आणि शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी ओळखले जाते. १९३० साली इथे एक बेकार तरुण राहायला आला. जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे घेऊन तो परतला, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातले त्याचे पद पैशाअभावी रद्द झाले होते. त्याचे नाव सालिम अली. किहीमला सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाती दुसरे काम नव्हते, म्हणून त्यांनी त्या घरट्यांसमोर ठाण मांडले. कोणता नर कोणते घरटे विणतो, मादी कधी येते, कोणते घरटे पसंत करते, नर पुढे काय करतो, हे सारे ते दिवसामागून दिवस टिपत राहिले.

मराठीत आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो, पण घरटे विणतो तो नर. तो अर्धवट घरटे बांधून थांबतो, मादीने पसंत केले तरच ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे सुरू करतो. ही रीत त्या नोंदींतून स्पष्ट झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली तो निबंध छापून आला आणि सालिम अलींचे नाव झाले. त्याआधी या पक्ष्याविषयी कोणाची मते नव्हती असे नाही. इतकी सलग नोंद मात्र नव्हती.

पुढे अनेक वर्षांनी केरळच्या सायलेंट व्हॅलीत जलविद्युत प्रकल्प होऊ घातला, तेव्हा त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत वयोवृद्ध सालिम अली होते. ते अभियंते नव्हते, अर्थतज्ज्ञ नव्हते आणि विजेच्या गरजेचा हिशेब मांडणे हे त्यांचे काम नव्हते. त्या लढ्यात इतरही अनेक जण होते. तरी त्यांच्या शब्दाला वजन होते, कारण अर्धे शतक पाखरे आणि जंगले पाहून लिहिलेल्या वह्या त्या शब्दामागे होत्या. प्रकल्प मागे पडला आणि १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.

दुसरे उदाहरण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे, महाडचे. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसे मरत, विशेषतः मुले. रुग्णाला दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत, रक्तदाब चढे, मग श्वास लागे आणि तोंडातून फेस येऊन तो दगावे. त्या वेळच्या उपचारांचा फारसा उपयोग होत नसे. गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के वाचत नसत.

सरकारी केंद्रातल्या एकट्या डॉक्टरपुढे दोन वाटा होत्या. ‘इथे साधने नाहीत’ असे म्हणून रुग्ण पुढे पाठवत राहणे, ही एक. बावस्करांनी दुसरी धरली. ते खाटेजवळ बसले. तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहीत राहिले. विषामुळे शरीरात उत्तेजक रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हा क्रम त्यांनी लिहून काढला. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांची निरीक्षणे छापून आली. मग रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी या रुग्णांवर वापरली, कारण आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. मृत्यूंचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ मध्ये त्यांनी महाडमध्येच ७० रुग्णांचा अभ्यास करून, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण अधिक लवकर बरे होतात, हे दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हेच बावस्कर २०१३ च्या सुमारास वेगळ्याच कारणाने देशभर चर्चेत आले. त्यांनी एका रुग्णाला तपासणीसाठी पाठवले होते. त्याबद्दल तपासणी केंद्राने त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश धाडला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे रीतसर तक्रार केली. ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द त्यानंतर दवाखान्यांतल्या कुजबुजीतून वर्तमानपत्रांत आला. २०१७ मध्ये राज्यात या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही.

डॉक्टरला दिलेले कमिशन शेवटी रुग्णाच्याच बिलातून वसूल होते, हे सर्वांना माहीत होते. अनेक डॉक्टर खासगीत त्याविषयी तळमळीने बोलतही असत. बावस्करांनी एक तारीख, एक रक्कम आणि एक कागद समोर ठेवला. तळमळीला उत्तर द्यावे लागत नाही, कागदाला द्यावे लागते.

इथे एक कसोटी हाती येते. डॉक्टर जेव्हा स्वतः पाहिलेल्या, मोजलेल्या, लिहून ठेवलेल्या गोष्टीवरून बोलतो, तेव्हा ते समाजाने ऐकावे. तो जेव्हा या नोंदीच्या बाहेर जाऊन बोलतो, तेव्हाही त्याला बोलण्याचा अधिकार आहे, पण तो इतर नागरिकांइतकाच. तिथे पांढरा कोट काढून ठेवावा. करोनाच्या साथीत हे भान सुटले आणि त्याची किंमत मोजावी लागली. पुरेसा पुरावा हाती नसताना अमुक गोळी, तमुक इंजेक्शन यांवर ठामपणे बोलणारे डॉक्टर होते. त्यांच्या शब्दावर विसंबून नातेवाईक रेमडेसिविरसाठी रात्र रात्र वणवण फिरले, दागिने गहाण टाकून काळ्या बाजारात गेले. आणि दुसरीकडे, लसीविषयीच्या बिनबुडाच्या शंकांनाही डॉक्टरांचीच नावे जोडली जात होती.

पण कसोटीची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. जे पाहिले, मोजले आणि लिहिले, त्याविषयी गप्प राहणे हाही दोषच. आजाराची मुळे खाटेपाशी संपत नाहीत. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ फिरखो या तरुण डॉक्टरला टायफसच्या साथीची चौकशी करायला अप्पर सायलेशियात पाठवले. तो परतला तेव्हा त्याच्या अहवालात औषधांपेक्षा शाळा, रस्ते, करांची न्याय्य आकारणी आणि लोकांचा कारभारातला सहभाग यांवर भर होता. सरकारला ते रुचले नाही. आज मात्र सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात तो अहवाल मैलाचा दगड मानला जातो. आपल्याकडेही २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत, विशेष प्रशिक्षण घेतलेला नागरिक म्हणून डॉक्टरने आरोग्याच्या सार्वजनिक प्रश्नांवर लोकांना सल्ला द्यावा, अशी अपेक्षा आहे. बोलणे हा त्याचा छंद नाही, कर्तव्याचा भाग आहे.

किहीमकडे पुन्हा पाहू. समजा, पावसाळ्यातल्या एका रात्री वाडीतल्या नारळाच्या झावळ्या उचलताना एका मजुराच्या हाताला काही तरी चावले. साप दिसला नाही. आधी कोणी भगताचे नाव सुचवले, मग गाडी शोधली, मग अलिबागचे रुग्णालय गाठले. दोन-तीन तास गेले. केसपेपरवर लिहिले गेले, ‘अननोन बाइट’. तो वाचला तर घरी गेला. वाटेतच दगावला असता, तर रुग्णालयाच्या नोंदीत आलाच नसता.

सर्पदंशाने भारतात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे मरतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. सरकारी दप्तरातले आकडे वर्षानुवर्षे याच्या किती तरी खाली राहिले. हा आकडा कळला, तो संशोधकांनी रुग्णालयाच्या वह्यांवर न विसंबता देशभर घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारली म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवले.

नोंद सक्तीची का, याचे उत्तर कोकणातल्या डॉक्टरला ठाऊक असते. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. सह्याद्रीत याखेरीज चापड्यासारखे सापही आहेत, त्यांच्या दंशावर ही लस काम करत नाही. शिवाय एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक वेगळे असू शकते आणि लशीसाठीचे विष मुख्यतः तामिळनाडूतल्या सापांकडून येते. कोणत्या तालुक्यात कोणता साप चावतो, किती कुप्या लागतात, दंशानंतर रुग्ण किती वेळाने पोहोचतो, रुग्णवाहिका कुठून येते, हे महिन्याच्या महिन्याला लिहिले गेले नाही, तर कुप्यांचा साठा अंदाजपंचे होतो आणि अंदाज चुकला की माणूस जातो. रस्ता, रुग्णवाहिका, लशीची खरेदी हे सगळे ‘राजकारण’च आहे. पण त्याचा निकाल खाटेवर लागतो.

अडचण अशी की हे सर्वांत जवळून पाहणारा डॉक्टर बहुधा सरकारी नोकरीत असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासनाच्या धोरणावर त्याला जाहीर टीका करता येत नाही. एका मर्यादेपर्यंत ही शिस्त समजण्यासारखी आहे, पण त्या आडून पुष्कळ सोयीस्कर मौनही पोसले जाते. निव्वळ शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला हे नियम आडवे येत नाहीत. बिरवाडीच्या सरकारी केंद्रातल्या डॉक्टरने कोणावर टीका केली नव्हती. माणसे कशी मरतात, एवढेच त्याने लिहिले आणि ते कोणाला खोडता आले नाही.

अर्थात सगळा भार डॉक्टरवर टाकून मोकळे होता येणार नाही. बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून शेकडो रुग्णांची रांग लागलेली असताना नीट नोंद ठेवणे सोपे नाही. त्यासाठी माणसे हवीत, वेळ हवा आणि लिहिलेले वरिष्ठांकडे गेल्यावर ते कपाटात न राहता लोकांसमोर यायला हवे. तालुकावार सर्पदंश, विंचूदंश, लेप्टोस्पायरोसिस आणि रस्ते अपघातांचे आकडे दर महिन्याला जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीत लागले, तर कोणत्याही अधिकाऱ्याला वर्तणूक नियम मोडावा लागणार नाही. ग्रामसभेत ‘आपल्या भागात प्रतिविष लशीच्या किती कुप्या आहेत?’ एवढा प्रश्न विचारायला तर वैद्यकीय पदवीही लागत नाही.

वाचकांनाही एक सवय लावून घेता येईल. डॉक्टरचे नाव लावलेले कोणतेही मत समोर आले की विचारावे, हे त्यांनी कुठे पाहिले, किती रुग्णांत पाहिले, ते कुठे लिहून ठेवले आहे? उत्तर मिळाले तर ते मत गंभीरपणे घ्यावे, आपल्याला पटणारे नसले तरी. नाही मिळाले, तर शेजाऱ्याचे मत ऐकतो तसे ऐकावे आणि पुढे पाठवू नये.

सुगरणीची घरटी किहीमला सगळ्यांनाच दिसत होती. विंचू चावलेली मुले महाडला सगळ्यांनाच दिसत होती. दोन्ही ठिकाणी एका माणसाने बसून लिहिले, म्हणून पुढच्यांना काही करता आले. आज रात्री अलिबाग, महाड किंवा श्रीवर्धनच्या कोणत्या तरी रुग्णालयात एक केसपेपर भरला जाईल. त्यावर ‘अननोन बाइट’ एवढेच लिहून ड्युटी संपवायची, की वेळ, गाव, लक्षणे आणि दिलेल्या कुप्या नीट लिहायच्या, हा त्या डॉक्टरचा पहिला सार्वजनिक निर्णय आहे. त्याच्या बाकीच्या मतांना वजन येईल, ते तिथून.