लॅपटॉप विचारतो, "आपण विंडोजच ना?"

जुना लॅपटॉप भंगारात जातो तेव्हा दरवेळी हार्डवेअरच मेलेलं असतं असं नाही. बऱ्याचदा घोळ असतो तो एका यादीत. ही यादी वाचायचा आणि दुरुस्त करायचा हक्क मशीनच्या मालकाला असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. विषय जरा तांत्रिक आहे, पण शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

नारायण पेठेतल्या ज्या जुन्या वाड्यात मी भाड्याने राहतो, तिथे खोली ताब्यात घेताना मालकांनी एक कागद दिला होता. कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, पंप कधी लावायचा, मीटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे. पण लिहिलेला होता आधीच्या भाडेकरूसाठी. त्याच्याकडे गिझर होता, माझ्याकडे नाही, त्यामुळे निम्मा कागद मला निरुपयोगी!

लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येही असाच कागद असतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचं मानक काढलं. त्यानुसार मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमला काही टेबल्स देतं. त्यातलं मुख्य डीएसडीटी. म्हणायला टेबल, पण आत छोटे छोटे प्रोग्रॅम असतात. बॅटरी किती उरली ते असं विचारा, झाकण मिटलं ते असं ओळखा, झोपेतून उठलात की आधी हे करा, वगैरे.

खरी गंमत पुढे आहे. हे टेबल ऑपरेटिंग सिस्टिमला तिचं नाव विचारतं. तू विंडोज एक्सपी का? विंडोज ७ का? जसं उत्तर, तसा पुढचा रस्ता. मग लिनक्स काय करतं? सरळ 'हो' म्हणतं. आणि 'तू लिनक्स का?' असं विचारलं तर चक्क 'नाही' म्हणतं! कारण लिनक्ससाठी म्हणून लिहिलेला रस्ता बहुतेकदा कुणी तपासलेलाच नसतो. विंडोजच्या रस्त्यावरून निदान कुणीतरी चाललेलं असतं. (खरं सांगितलं तर खोली मिळत नाही, हा अनुभव पुण्यात खोली शोधलेल्यांना नवा नाही.)

हे सगळं नुसत्या आळसातून झालं का? जानेवारी १९९९ मधला बिल गेट्सचा एक ईमेल पुढे अमेरिकेत आयोवामधल्या खटल्यात बाहेर आला. एसीपीआयवर मेहनत आपण घ्यायची आणि लिनक्स आयतं चालायचं, याची त्यात खंत आहे. विंडोजवर नीट चालेल पण इतरांवर नाही, असं काही करता येईल का, अशी विचारणाही आहे. पुढे तसं मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही. फक्त एकाच गिऱ्हाइकाकडे बघून टेबल लिहिलं की परिणाम तोच होतो.

माझ्या मावसभावाचं २०१० मधलं एक नेटबुक माझ्याकडे आलं. ॲटम एन४५० प्रोसेसर, सोबत विंडोज ७ स्टार्टर (ज्यात वॉलपेपरसुद्धा बदलता यायचा नाही, आठवतं?). विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला होता, म्हणून त्यावर डेबियन टाकलं. झकास चाललं. वाड्यातल्या दहावीतल्या मुलीला मराठी टायपिंगच्या सरावासाठी देऊन टाकलं. दोन दिवसांत ती परत घेऊन आली. "दादा, झाकण उघडलं की हा जागा होतो आणि लगेच परत झोपतो."

डीएसडीटी उलगडून पाहिलं. झोपेतून उठल्यावर झाकणाची नोंद 'मिटलेलं' अशीच राहत होती. लिनक्सच्या कर्नलच्या कागदपत्रांत या रोगाचं वर्णनच आहे. विंडोज झोपण्यासाठी 'मिटलं' एवढीच खबर घेतं, त्यामुळे फक्त विंडोजवर तपासलेल्या मशीनमध्ये 'उघडलं' ही खबर चुकली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, अशा बऱ्याच आहेत.

उठण्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या, टेबलाचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढवला (नाहीतर कर्नल नवं टेबल घेत नाही), इंटेलच्याच फुकट कंपायलरमधून काढलं आणि बूट होताना कर्नलच्या हाती दिलं. चिपमधलं मूळ टेबल जसंच्या तसं. बदलली ती मेमरीतली प्रत. कर्नलला एक पर्याय देऊनही काम भागलं असतं, पण चूक कागदात असेल तर कागदच सुधारावा ना!

२००८-०९ मध्ये डेलच्या मिनी ९ वर मॅक चालवणारी मंडळी हेच करायची. मॅकला बॅटरीची १६ बिटांची नोंद वाचता यायची नाही, म्हणून हे लोक टेबलात तिचे आठ-आठचे दोन तुकडे करायचे. नोव्हेंबर २००९ मध्ये १०.६.२ आलं आणि ॲपलने ॲटमचा आधारच काढला. तिथे परवान्याचा प्रश्न आहे, ॲपलचा परवाना फक्त ॲपलच्या मशीनपुरता. पण लिनक्सच्या बाबतीत अशी कुठलीच अडचण नाही. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये इतर प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढायला, ती सहज मिळत नसेल तर, सूट आहे.

आता तुम्ही म्हणाल, कुणीही टेबल बदलायला लागलं तर? भीती खरी आहे. तापमानाची मर्यादा चुकवली तर मशीन भाजेल. शिवाय हा कोड कर्नलच्या अधिकाराने चालतो, म्हणूनच सिक्युअर बूट चालू असताना बरेच लिनक्स बाहेरचं टेबल नाकारतात. बरोबरच आहे. पण म्हणून सिक्युअर बूट बंद करून, उलगडलेल्या कोडमध्ये अंदाजाने ओळी घालायची वेळ मालकावर का यावी? कंपनीकडे मूळ, वाचता येण्याजोगा मजकूर असतोच. सपोर्ट संपवता त्या दिवशी तो वेबसाइटवर ठेवा, इतकंच मागणं आहे.

हे अशक्य नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत २००७ साली ओएलपीसीचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांचं फर्मवेअर खुलं होतं, कुणीही वाचावं असं. आणि आपण? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि टीपीएम २.० नाही म्हणून चांगली चालती मशीन्स विंडोज ११ ला अपात्र ठरली. त्यातली किती तापकीर गल्लीत सुट्या भागांच्या भावाने जातील कोण जाणे. तुमच्याकडे असं एखादं असेल तर विकण्याआधी त्यावर लिनक्स टाका आणि झाकण दोनदा उघडून-मिटून बघा. परत झोपलं तर मला मेल करा, रविवारी मी मोकळाच असतो :)