परवाना मिळायला दहा वर्षं लागली: संघम रेडिओची गोष्ट काय सांगते?

तेलंगणातल्या झहीराबादजवळ माचनूर नावाचं गाव आहे. तिथे 1998 च्या सुमारास एक रेडिओ केंद्र उभं राहिलं. स्टुडिओ होता, ट्रान्समीटर होता, कार्यक्रम करणाऱ्या बायकाही तयार होत्या. नव्हती ती फक्त सरकारची परवानगी. ती मिळून प्रसारण सुरू व्हायला 15 ऑक्टोबर 2008 उजाडला.

मधली दहा वर्षं या बायकांनी काय केलं? कार्यक्रम कॅसेटवर ध्वनिमुद्रित केले आणि गावोगावच्या महिला संघांच्या बैठकीत टेपरेकॉर्डर लावून ऐकवले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेशी जोडलेले हे संघ, म्हणून नाव 'संघम रेडिओ'. केंद्र उभारायला युनेस्कोची मदत होती. ते चालवणाऱ्या जनरल नरसम्मा आणि अलगोल नरसम्मा या दलित शेतकरी कुटुंबांतल्या. विषय म्हणजे ज्वारी, राळ्यासारखी भरडधान्यं, घरचं बियाणं, रानभाज्या, पेरणीची गाणी. भाषा त्या भागातली तेलुगू, शहरी निवेदकांची नव्हे.

अडचण कुठे होती? मुळाशी होता 1885 चा टेलिग्राफ कायदा, ज्यानुसार बिनतारी प्रसारणाचा अधिकार सरकारचा. या मक्तेदारीला धक्का बसला तो क्रिकेटमुळे! हिरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते.

पण या मालमत्तेचे दरवाजे उघडले ते ठरावीक क्रमाने. आधी पैसेवाल्यांसाठी: 1999 मध्ये खासगी एफएमचं धोरण आलं, फ्रिक्वेन्सींचे लिलाव झाले आणि 2001 मध्ये बंगळुरूत 'रेडिओ सिटी' सुरू झालं. मग शिक्षणसंस्थांसाठी: 2004 मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' आलं. स्वयंसेवी संस्थांना मुभा मिळाली ती थेट 2006 च्या धोरणात. म्हणजे निकालानंतर अकरा वर्षांनी. 2008 मध्ये संघम रेडिओचं उद्घाटन करायला आले ते निवृत्त न्यायमूर्ती सावंतच. त्याच वर्षी साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली.

सामुदायिक रेडिओला 100 वॅटची मर्यादा आहे, त्यामुळे आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच जातो. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत. स्वतःच्या बातम्या मात्र देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं पुन्हा ऐकवता येतं. गावात टँकर का आला नाही यावर वर्तमानपत्र लिहू शकतं, मोबाइलवरून कुणीही व्हिडिओ टाकू शकतं. त्याच गावातल्या रेडिओने मात्र तेच बातमी म्हणून सांगायचं नाही. या फरकाचं पटणारं कारण सापडत नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने नियम बदलले. तासाला 7 मिनिटांऐवजी 12 मिनिटं जाहिराती घेता येतात आणि दर दहा सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला. गणित करून पाहू: 12 मिनिटं म्हणजे दहा सेकंदांच्या 72 जाहिराती, तासाला 5,328 रुपये. हे सगळे स्लॉट भरले तर! संघम रेडिओचं प्रसारण संध्याकाळी जेमतेम दोन तासांचं. कोरडवाहू पट्ट्यात जाहिरात देणार तरी कोण? बियाणं किंवा खतांच्या कंपन्या कदाचित पुढे येतील, पण ज्या केंद्राचा बराचसा वेळ घरचं बियाणं जपा हे सांगण्यात जातो, त्याने त्या जाहिराती घ्यायच्या का? वाढवून दिलेली पाच मिनिटं माचनूरच्या फारशी कामाची नाहीत. तिथला खर्च आजही संस्थेच्या आणि देणगीदारांच्या बळावरच पेलावा लागतो.

देशात 2024 च्या सुरुवातीला अशी 480 हून अधिक केंद्रं होती.