खात्याची परीक्षा पास होऊन मिळालेलं पद: प्रमोशन की नवी भरती?

उमरगा तालुक्यातल्या एखाद्या गावात टपाल वाटणारा ग्रामीण डाकसेवक घ्या. दहा-बारा वर्षं काम केलं, खात्याची परीक्षा दिली, पास झाला आणि पोस्टमन झाला. घरी पेढे वाटले गेले. सगळे म्हणाले, 'प्रमोशन झालं.'

पण सुप्रीम कोर्टाच्या मते हे प्रमोशन नाही. ही सरळसेवा भरती आहे.

फरक नुसत्या शब्दाचा वाटतो. प्रत्यक्षात आरक्षण, पगारवाढ आणि पेन्शन, तिन्ही गोष्टी या एका शब्दावर फिरतात.

सुप्रीम कोर्टात काय झालं?

वाद केरळमधला होता. डाकसेवकांमधून पोस्टमन निवडताना ओबीसी आरक्षण लावलं गेलं. त्याला आव्हान मिळालं. केंद्र सरकारच्या नोकरीत ओबीसींना पदोन्नतीत आरक्षण नाही, ते फक्त सरळसेवेत आहे. त्यामुळे ही नेमणूक पदोन्नती ठरली असती, तर आरक्षण गेलं असतं.

ऑगस्ट 2016 मध्ये, वाय. नजिथामोल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. पदोन्नती म्हणजे त्याच सेवेत किंवा संवर्गात वरचं पद मिळणं. डाकसेवक हे नागरी पद आहे, हे 1977 मध्येच ठरलं होतं, पण ते खात्याच्या नियमित सेवेबाहेरचं आहे. जो जिन्यावरच नाही, तो वरच्या पायरीवर चढला असं म्हणता येत नाही. म्हणून परीक्षा फक्त डाकसेवकांपुरती असली, तरी नेमणूक सरळसेवेचीच.

मग आधीच्या वर्षांचं काय?

इथे खरा फटका बसतो. जुन्या पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची नियमित सेवा लागायची. उशिरा नियमित झालेल्या अनेकांची ती भरत नव्हती. डाकसेवक म्हणून केलेली वर्षं त्यात धरा, अशी त्यांची मागणी होती. नोव्हेंबर 2019 मध्ये, गंदिबा बेहेरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली.

पोलिसांचं गणित वेगळं

आता त्याच उमरग्यातला पोलीस शिपाई घ्या. तो आधीपासूनच नियमित सेवेत आहे. महाराष्ट्रात पोलीस उपनिरीक्षकांच्या जागांची विभागणी बरीच वर्षं अशी होती: 50 टक्के सरळसेवा, 25 टक्के ज्येष्ठतेनुसार पदोन्नती आणि 25 टक्के मर्यादित विभागीय परीक्षा. परीक्षा एमपीएससीची असली, तरी ही वाट खात्यातल्या लोकांची, वर चढण्याची.

म्हणूनच पदोन्नतीतल्या आरक्षणाचा वाद या परीक्षेलाही भिडला. ऑगस्ट 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पदोन्नतीत आरक्षण देणारा राज्याचा 2004 चा शासन निर्णय रद्द केला. पुढच्याच वर्षी, नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षकाचं प्रशिक्षण पूर्ण केलेल्या 154 जणांना याच वादातून मूळ पदावर परत पाठवण्यात आलं. परीक्षा पास, प्रशिक्षण पूर्ण, तरी खांद्यावरचे तारे गेले.

कधी कर्मचाऱ्यालाच 'प्रमोशन' नको असतं

केंद्रीय कर्मचाऱ्यांना एमएसीपी योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरचा वेतनस्तर मिळतो. सेवेत नियमित पदोन्नती मिळाली, की या तीनपैकी एक लाभ वापरला गेला असं धरतात.

आता पोस्टमन परीक्षा देऊन पोस्टल असिस्टंट झाला, तर? खात्याने त्याला पदोन्नती म्हटलं की एक लाभ कमी. म्हणून टपाल कर्मचारी कोर्टात उलट बाजू मांडतात: ही बढती नाही, नवी नेमणूक आहे. 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात कर्मचाऱ्याचं म्हणणं मान्य केलं.

केंद्राच्या कार्मिक विभागाचं स्पष्टीकरण सांगतं, की विभागीय परीक्षेची जागा सेवाप्रवेश नियमांत पदोन्नतीच्या कोट्यातली असेल, तर ती पदोन्नती आणि आधीची नियमित सेवा मोजली जाते. जागा सरळसेवेच्या कोट्यातली असेल, तर ती सरळसेवा आणि एमएसीपीसाठी मागची सेवा धरली जात नाही.

ओळखायचं कसं?

तीन प्रश्न विचारायचे. परीक्षेआधी तुम्ही नियमित सेवेत होता का? सेवाप्रवेश नियमांत ती जागा कोणत्या कोट्यात दाखवली आहे? आणि वाद कशाचा आहे: आरक्षणाचा, पगाराचा की पेन्शनचा?

परीक्षा खात्यांतर्गत होती, एवढ्यावरून उत्तर मिळत नाही. ते मिळतं सेवाप्रवेश नियमांत. त्यामुळे अर्ज भरतानाच हे नियम आणि जाहिरात, दोन्हींची प्रत जपून ठेवलेली बरी. नेमणूक 'पदोन्नतीने' की 'सरळसेवेने', हा शब्द तिथेच लिहिलेला असतो आणि निवृत्तीपर्यंत तोच मागे येतो.