किल्ली, गिअर आणि आपलं ‘डायरेक्ट’

ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय गिअरचा दांडा ‘पी’मधून हलत नाही, आणि दांडा ‘पी’त आणल्याशिवाय किल्ली बाहेर येत नाही. पुष्कळांना ही कटकट वाटते. मला विचाराल तर अख्ख्या गाडीत इतका शहाणा भाग दुसरा नाही!

याला इंटरलॉक म्हणतात. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी शब्द माझ्याकडे मागू नका.) पण कल्पना घरचीच आहे. हॉकिन्स कुकरचं झाकण आतून बसतं. वाफ कोंडलेली असेपर्यंत कितीही ओढा, उघडत नाही. रेल्वेचं इंटरलॉक असलेलं फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल पडत नाही. सोलापुरात राहून फाटकावर वैतागला नाही असा माणूस विरळाच, पण ‘कुलूप राहू दे, सिग्नल दे’ असं गेटमनला कोणी सांगत नाही.

गाडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच सांगतो. माझ्या काकांच्या जुन्या ऑटोमॅटिकचा दांडा ‘पी’मध्ये अडकून बसला. मिस्त्री म्हणाले, “कशाला खोलता साहेब, डायरेक्ट करून टाकतो की!” दहा मिनिटांत वायर जोडली, काका खूश. खरा दोष होता ब्रेक पेडलवरच्या स्विचमध्ये. ब्रेक दाबल्याची खबर हाच स्विच देतो, तेव्हा कुठे सोलेनॉइड दांडा सोडतो. आणि ब्रेकलाइटही त्याच स्विचवर! म्हणजे दांडा हलायला लागला, पण काका ब्रेक मारतायत हे मागच्या ट्रकवाल्याला कळायची सोयच नव्हती. स्विच बदलला, वायर काढली, तेव्हा दोन्ही कामं झाली.

हे कुलूप उगाच आलेलं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते अशा तक्रारी आल्या. बहुतेक वेळा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता, असं १९८९ च्या सरकारी अहवालात निघालं. ऑडीने तोपर्यंत ब्रेकचा इंटरलॉक बसवायला घेतलाही होता. १ सप्टेंबर २०१० पासून तिथल्या नव्या ऑटोमॅटिक कार्सना तो सक्तीचा झाला.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड. किल्ली ऑन करून ब्रेक न दाबता दांडा ओढा, हलता कामा नये. ब्रेक दाबला की ‘टक्’ आवाज येऊन मोकळा. ‘आर’, ‘एन’, ‘डी’मध्ये किल्ली ‘लॉक’पर्यंत फिरता कामा नये, ‘पी’त सहज निघाली पाहिजे. अडत असेल तर केबलवाल्या गाड्यांत बहुधा किल्ली आणि दांड्यामधली केबल जागेवर नसते. दांडा ‘पी’त, किल्ली मॅन्युअल सांगेल तिथे, ॲडजस्टर सोडायचा, ढील काढायची, परत लॉक. एवढंच! दांड्याशेजारचं ‘शिफ्ट लॉक रिलीज’चं भोक अडल्या वेळेचं आहे, रोजचं नाही. (२०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या बऱ्याच एएमटीत ‘पी’च नसतो. तिथे गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा.)

आपल्या वर्कशॉपमध्ये कापून ठेवलेला गिअरबॉक्स आहे, इंजिन आहे, इंटरलॉक मात्र एकही नाही. भंगारातला एखादा दांडा, केबल आणि किल्लीचा सेट मिळाला तरी चालेल. सर, परवानगी द्या, शोधून आणायची जबाबदारी माझी.