खाच जुळली, बोली जुळेना

आमच्या घरी एक लॅपटॉप आहे. २०१७ साली तो आला तेव्हा त्याला स्वतंत्र मेज होते आणि मेजावर क्रोशाचा रुमाल होता. पुढे रुमाल गेला, मेजावर इस्त्रीचे कपडे आले आणि लॅपटॉप स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर येऊन बसला. सकाळी त्याची कळ दाबावी, चहाचे आधण ठेवावे, चहा प्यावा, कपबशी विसळावी, तेव्हा कोठे स्वारी डोळे उघडी. चिरंजीवांचे मत स्पष्ट होते : "बाबा, भंगारात द्या आणि नवा घ्या." परंतु हिचा त्याला ठाम विरोध होता, आणि त्याला कारण होते.

२०१९ च्या दिवाळीआधी हिने माझ्या आईला समोर बसवून फराळाची सगळी प्रमाणे तिच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून घेतली होती. भाजणी, कडबोळी, चिरोटे, अनारसे अशी एकूण चौदा मुद्रणे. आई वाटीचे माप सांगता सांगता मध्येच माहेरच्या चुलीवर जाई आणि तेथून परत यायला तिला दहा मिनिटे लागत. २०२१ मध्ये आई गेली. ज्या फोनवर मुद्रण केले तो फोनही गेला. आईचा आवाज उरला तो एवढ्या लॅपटॉपात.

आता हे यंत्र एवढे मंद का झाले? त्याच्या पोटात हार्ड डिस्क होती. ग्रामोफोनची तबकडी आणि तिच्यावर फिरणारी दांडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हार्ड डिस्क समजली. फक्त हिची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि दांडी तिला शिवत नाही. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क काढली, तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आईच्या बोलण्याची त्यात पाचेक मिनिटेच बसली असती, म्हणजे ती माहेरी पोचायच्या आतच जागा संपली असती! तबकड्या पुढे लहान झाल्या, पण दांडीची धावपळ तशीच राहिली. हव्या त्या जागी पोचायला तिला सेकंदाचा शंभरावा भाग, कधी त्याहून जास्तही लागतो. ऐकायला हे थोडे वाटते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली उघडाव्या लागतात, आणि मग त्या शंभराव्या भागांची मिनिटे होतात.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये तबकडी नाही आणि दांडीही नाही. तोशिबातील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅश जातीच्या चिपा त्यात असतात, आणि हवी ती फाइल सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात हाती येते. सारी जादू आहे ती एवढ्यात.

पुण्याच्या माझ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, लॅपटॉप फेकू नका, एसएसडी घाला. पण आधी आजीच्या मुद्रणांची नक्कल काढून ठेवा." मी "हो हो" म्हटले आणि पहिला अर्धा सल्ला तेवढा ध्यानात ठेवला. नवी वस्तू घरी आणायची म्हटले की मनुष्याला दुसरा अर्धा ऐकू येत नाही.

लॅपटॉपचा तळ उघडून पाहिला. हार्ड डिस्कच्या शेजारी एक रिकामी खोबण दिसली. तिला एम.२ म्हणतात, एवढी माहिती मी मिळवली होती. गिरगावातून चालत लॅमिंग्टन रोडला गेलो आणि "एम.२ द्या" म्हणालो. दुकानातल्या पोराने पट्टी काढून दिली : रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०, म्हणून तिच्यावर २२८० असा आकडा. घरी येऊन लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, बॅटरीची जोडणी सोडवली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून लोखंडी कपाटाला हात लावला, आणि पट्टी तिरकी घालून अलगद खाली दाबली. खाच जुळली. तिळाएवढा स्क्रू एकदा पायपुसण्यात हरवला, सापडला आणि बसला. हिने देवापुढे साखर ठेवली.

पण यंत्राला ती पट्टी दिसेच ना! बायोस उघडून पाहिले, तेथे जुनी हार्ड डिस्क एकटीच. पट्टी काढून पुन्हा बसवली, खोबण फुंकरली, बायोसची नवी आवृत्ती घातली. दोन दिवस हाच उद्योग चालला. शेवटी पट्टीच बिघडलेली असणार असा निकाल देऊन मी तावातावाने दुकान गाठले. पावसाने आणि माझ्या आळसाने मध्ये दोन आठवडे गेलेले होते, हे येथे नमूद करतो, कारण पुढे त्याची किंमत पडली.

गल्ल्यावर या खेपेस वयस्क गृहस्थ होते. त्यांनी माझे भाषण पुरते ऐकून घेतले आणि विचारले, "काका, तुमच्या लॅपटॉपच्या एम.२ मध्ये साटा चालतो की एनव्हीएमई?" मी गप्प. ते म्हणाले, "एम.२ हे नुसते मापाचे नाव. साटा ही हार्ड डिस्कच्या वेळची बोली, आणि एनव्हीएमई २०११ साली ठरलेली नवी बोली; ती वेगळ्या तारांवरून जाते. भिंतीत प्लग बसला म्हणजे मागे वायर आलेलीच आहे असे असते का?" माझ्या लॅपटॉपात खोबण दोन्ही जातींची पट्टी घेणारी होती, पण मागे तारा ओढल्या होत्या त्या फक्त साटाच्या. त्यांनी दुसरी पट्टी दाखवली : हिच्या टोकाला दोन खाचा, माझीला एक. दोन खाचांची बहुधा साटा, एका खाचेची बहुधा एनव्हीएमई. पण नुसत्या खाचेवर विसंबू नये, डब्यावरची अक्षरे वाचावीत. आणि त्याआधी लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर उतरवून त्याचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे, कारण एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत खोबणी वेगळ्या असू शकतात. हे सारे घरी बसून दहा मिनिटांत कळले असते.

उघडलेली पट्टी परत घेणार नाही, असे ते सौम्यपणे म्हणाले आणि मला उपाय सुचवला : हार्ड डिस्कच्या जागी बसणारी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. ती सात मिलिमीटर जाडीची असते. जुन्या लॅपटॉपात साडेनऊची जागा असली तर पातळ चौकट लावून ती घट्ट बसवावी. शिवाय यूएसबीच्या तारेने ती बाहेरूनच जोडून जुन्या डिस्कची सबंध नक्कल आधी उतरवता येते. वेगाचे म्हणाल तर साटा सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटला थांबते आणि मी घेतलेली पट्टी ३,५०० पर्यंत जाते. पण आमच्यासारख्या हिशेब, पत्रे आणि फोटो बघणाऱ्यांना खरा फरक जाणवतो तो दांडी गेल्याचा. त्यापुढचा वेग बहुतेक कागदावरच.

रात्री नक्कल सुरू केली. निम्म्यावर गेली आणि थांबली. पोटातून टक्... टक्... असा आवाज येऊ लागला. भाच्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न केला, "आजीची मुद्रणे वेगळी काढली आहेत ना?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. "मग सबंध नक्कल सोडा. लगेच तेवढीच फोल्डर उचला, एकेक फाइल." एकेक फाइल उचलू लागलो. ही शेजारी उभी राहून मोजत होती. तेरा आल्या. चौदावी वाचताना डिस्क पुन्हा टकटकली आणि 'वाचता येत नाही' एवढेच पडद्यावर आले. ती अनारशांची होती. दोन आठवड्यांपूर्वी ती वाचता आली असती की नाही, हे आता कोण सांगणार? पण भाजणी तेव्हा सुखाने वाजत होती, एवढे मला ठाऊक आहे.

विंडोज मग नव्या एसएसडीवर कोरीच घातली. ज्यांच्या घरी अलीकडचे लॅपटॉप आहेत त्यांना आणखी दोन ठिकाणी ठेच लागते, ती सांगून ठेवतो. एक, काही इंटेल यंत्रांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते. मग एसएसडी अगदी योग्य असूनही विंडोज घालताना यादी रिकामी दिसते. तेव्हा लॅपटॉप कंपनीचा त्यासाठीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा. बायोसमधली ती कळ विचार न करता फिरवली, तर जुनी विंडोज उठायची नाही. दुसरे, डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असते आणि पुष्कळांना ते माहीतही नसते. पेचकस हाती घेण्यापूर्वी त्याची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

आता आमचा लॅपटॉप आधण ठेवायच्या आत उठतो. अर्थात वेग आला म्हणून वय गेले नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ च्या अटीत आमचा प्रोसेसर बसत नाही. म्हणून त्यावर बँकेचे काम करायचे नाही, असा घरात नियम केला आहे.

फसलेली पट्टीही वाया गेली नाही. तिच्यासाठी यूएसबीची छोटी डबी मिळते (तीही एनव्हीएमईची मागून घ्यावी लागते, मी या खेपेस विचारून घेतली!) आणि तिच्यात तेरा मुद्रणांची दुसरी प्रत आहे. तिसरी भाच्याकडे पुण्याला. मात्र फ्लॅशमधली साठवण विजेवाचून वर्षानुवर्षे पडून राहिली तर विरू शकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हिने डबी जोडून एखादे मुद्रण लावायचे असे ठरले आहे. बहुतेक वेळा भाजणीचेच लागते.

जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. ती पुन्हा जोडून पाहायची नाही, अशी भाच्याची सक्त ताकीद आहे. माहिती परत काढून देणाऱ्यांकडे ती दिवाळीनंतर न्यायची आहे. अनारसे यंदा हिने शेजारच्या काकूंना विचारून केले. चांगले झाले, जाळीही पडली. पण त्या गुळाचे करतात; आई साखरेचे करीत असे.