लाल दिवा

आमच्या चिरंजीवांना संगीताचे वेड आहे, हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे; हल्ली जरा बेताने सांगतो. रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी ‘स्टुडिओ’ म्हणून केव्हाच बळकावली आहे. संगणक, मायक्रोफोन, दोहोंना जोडणारी डबी, कीबोर्ड, हेडफोन, सगळे हप्त्याहप्त्याने आलेले. तरी मागणे संपत नाही. “बाबा, आवाज गोड करणारा प्लगइन आहे, फक्त बारा हजार!” हा ‘फक्त’ मुले कोणत्या शाळेत शिकतात, वाचकहो?

माझी सारी नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. आमचे फोरमन नव्या पोराला नवे हत्यार देण्याआधी व्हर्नियर वाचून दाखवायला लावीत. घरी मात्र मला हे सुचले नाही. बापाचे असेच असते.

मागच्या दिवाळीत माझी आई रंगात आली होती. वय चौऱ्याऐंशी, माहेर मावळातले. जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखावर ओव्या जमवल्या, हे चिरंजीवांनी कोठेतरी वाचले होते. त्यांनी आजीला मायक्रोफोनपुढे बसवले. तासभर ती गात होती. डबीवरचा लाल दिवा मधूनमधून चमके. तो ‘ध्वनिमुद्रण चालू’चा, अशी सर्वांची समजूत.

संक्रांतीनंतर आई गेली. चौदाव्या दिवशी आम्ही ते मुद्रण लावले. आईने चढा सूर लावला की आवाज फाटे. प्रत्येक ओवीत, आणि नेमका माहेरच्या नावावर!

चिरंजीवांनी बारा हजारांचा प्लगइन घेतला. खरखर थोडी कमी झाली. आई परत आली नाही. तेव्हा कुठे त्यांनी डबीबरोबर आलेली पुस्तिका उघडली. लाल दिव्याचा अर्थ पहिल्याच पानांत होता : आवाज मर्यादेबाहेर जात आहे, बटण मागे फिरवा. संगणकाला शून्य डेसिबलच्या वरचे लिहिताच येत नाही. स्वराचा माथा सपाट कापला जातो, आणि कापलेला भाग कोठेही साठत नाही. महागडे यंत्र तिथे फार तर अंदाज करील.

मी रागावलो नाही. रागावणार कोणत्या तोंडाने? माझ्या कपाटावर एकतीस वर्षे पेटी आहे. अजून तीच तीन गाणी. पुढच्या खुंट्यांतली कोणती काय करते, ते आजही सांगता येत नाही. पेटीत मींड निघत नाही म्हणून १९४० साली रेडिओने तिला बंदी घातली, ती १९७० च्या दशकापर्यंत टिकली. आणि गोविंदराव टेंब्यांनी याच पेटीवर भास्करबुवा बखल्यांना साथ केली, १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या! दोन पट्ट्यांमधला सूर पेटीत नसतोच; भात्याचा दाब आणि बोटांचे वळण यांनी तो कानाला भासवायचा असतो. मी मात्र चांगली पेटी घ्यावी म्हणून दोनदा मिरजेला चौकशी केली आहे.

चिरंजीवांनी सहा महिने काही विकत घेतले नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर. आधी सर्वांत चढा सूर लावून घ्यायचा, तो उणे बाराच्या आसपास राहील इतकेच बटण फिरवायचे. चोवीस बिटांच्या मुद्रणात आवाज हळू आला तरी बिघडत नाही. पंखा बंद. काळेवाडी फाट्याकडच्या ट्रकांची घुमारी उरतेच. ती ऐंशी हर्ट्‌झच्या खालचे कापून बरीच जाते, आणि ते कापणारी चाळणी जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये फुकट बसलेली होती!

यंदा गौरीला माझी अक्का आली. आईच्या सतरा ओव्या तिला येतात. पण हात फिरल्याशिवाय शब्द आठवेनात. रहाटणीच्या पाचव्या मजल्यावर जाते कोठून आणायचे? सौभाग्यवतींनी पितळी परात काढली, खाली दुपटे घातले, आणि अक्का ती फिरवू लागली.

“आत्या, आधी वरचा सूर.”

तिने लावला. त्याने बटण किंचित मागे घेतले. मग सतराच्या सतरा झाल्या. अक्का डबीकडे बघत होती.

“अरे, चालू होतं ना? आईच्या वेळी तो दिवा लाल होत होता.”